घरातले चमचे

कोणाला घाबरवायला हे लिहीत नाही. माझ्या घरी घडलंय, माझ्या पोरीसोबत. पटलं तर वाचा, नाहीतर राहू द्या.

मी सीमा. तीन वर्षांपूर्वी आम्ही वरूडला शकुनकाकूंच्या घरात भाड्यानं राहत होतो. माझे मिस्टर किशोर संत्र्याच्या पॅकिंगवर कामाला. हर्षा तेव्हा पाच वर्षांची.

एप्रिलचा मंगळवार. भर दुपारचे सव्वादोन. मी चहा ठेवला आणि चमच्यासाठी हात लांबवला.

स्टँडमध्ये एकही चमचा नव्हता...

सकाळी सोळा होते. मीच धुऊन ठेवले होते.

"हर्षे! भातुकलीत नेले काय वं?"



खोलीत गेले तर पोरगी जमिनीवर पडलेली. डोळे वर, दात घट्ट, हातपाय झटके देऊन राहिलेले. माझी किंकाळी ऐकून शकुनकाकू कांदा घेऊन धावत आल्या.

"अवं, दातखिळी बसली! चमचा आन, चमचा! जीभ चावन ते!"

आमच्याकडे सगळे हेच करतात. झटका आला की कांदा हुंगवायचा, दातात चमचा घालायचा. मी अख्खी भांडी उलथीपालथी केली. नाही म्हणजे नाही!

थोड्या वेळानं झटका आपोआप थांबला.

चमचे संध्याकाळी सापडले. मागच्या आटलेल्या विहिरीच्या काठावर... एका ओळीत. सोळाच्या सोळा.

अमरावतीच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, मिरगी सांगितली आणि औषध सुरू केलं.

"चमचा सापडला नाही तेच बरं झालं, ताई. दात तुटून श्वासनळीत जाऊ शकतो. लेकराला कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर लगेच दवाखाना."

जूनमध्ये स्टँड पुन्हा रिकामा दिसला...

मी गॅस तसाच सोडून हर्षाकडे पळाले. ती चित्र रंगवत बसली होती. मी तिला जवळ घेतलं, आणि माझ्या हातातच तिला झटका आला.

ती सावरल्यावर मी शकुनकाकूंना सगळं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या.

"पार्बताबाई..."

"कोण?"

"तुमच्या आधी याच खोल्यांत राहे. तिच्या पोरीले असाच झटका आला होता. मीच चमचा देल्ला तिच्या हातात. दात तुटला अन् नरड्यात गेला. पोरगी गेली, बापा. मंग पार्बतानं घरातले सारे चमचे इहिरीत फेकले. मरेपर्यंत हातानंच कालवून खाल्लं तिनं." काकू रडायला लागल्या. "अन् तुह्या पोरीच्या वक्ती पुन्हा माह्या तोंडातून तेच निंघालं!"

आठ दिवसांत आम्ही घर सोडलं. चमचेसुद्धा तिथंच ठेवले.

अमरावतीत फ्लॅट घेतला. इथं विहीर नाही. दोन वर्षांच्या वर झटका नाही. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत मागच्या महिन्यात औषध बंद केलं. मी पेढे वाटले हो!

आज हर्षा शाळेत गेल्यावर मी चहा ठेवला.

स्टँड रिकामा...

चमचे गॅलरीच्या कठड्यावर होते. एका ओळीत.

शाळेत फोन लावला. बाई म्हणाल्या, "चांगली खेळून राहिली ना." तरी मी सगळं पढवलं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. किशोरला गाडीवर पाठवलं.

पार्बताबाई सांगायला येते, की झटका सोबत घेऊन येते? मला नाही माहीत. त्या दिवशी तिनं माझी पोर वाचवली, एवढं मात्र नक्की.

शाळा दहा मिनिटांवर आहे. किशोरला जाऊन अर्धा तास झाला. नुसतं बसवत नाही म्हणून लिहून राहिले.

फोन कोणीच उचलत नाही...

मी घड्याळ बघत बसले आहे.