ज्यांचे हात पिठात आहेत त्यांच्यासाठी

"आणि निळ्या छत्रीनं पाय रोवले! वाऱ्यानं कंबर धरली आहे... सोडत नाही... छत्री वाकली — पण पडली नाही मंडळी, पडली नाही!"

मी गर्रकन वळले. मसानमध्ये सिरुमच्या, म्हणजे आमच्या कोरियन कुस्तीच्या, आखाड्यामागे पत्र्याखाली एक उंच, काटकुळा तरुण उभा होता. मूठ तोंडापुढे, जणू मायक्रोफोनच. बंदराकडून तिरका पाऊस येत होता. माझ्या एका हातात फडफडणारी छत्री, दुसऱ्या काखेत सात्ब्यांचं गाठोडं. सात्बा म्हणजे मल्लाच्या कमरेला-मांडीला बांधायचा कापडी पट्टा, एकाचा निळा, दुसऱ्याचा लाल. आमच्या घरी तेच शिवले जायचे.

"मदत करायची सोडून कुस्ती काय सांगताय?"

"समालोचकानं आखाड्यात उतरायचं नसतं," तो म्हणाला, आणि उतरलाच. गाठोडं छातीशी धरून चिंब भिजला. "मी सोक-जू. टीव्हीवर नवीन आहे. सराव म्हणून दिसेल त्याचं समालोचन करत सुटतो. काल बसमध्ये एका आजोबांच्या डुलकीचं केलं."

"मग?"

"आजोबा जिंकले. मला खाली उतरवलं."

मी हसले नाही. निदान त्याला दिसेल असं तरी नाही.

मग सामने असले की तो सोलहून यायचा, आणि सामन्यांआधी आमच्या दुकानात. दोऱ्याला मेण का लावता, पट्टा आधी कुठे उसवतो... जे कुणी कधी विचारलं नाही ते विचारायचा.

"ओक-रान, तुमच्या पट्ट्यांनी कोण कोण जिंकलं, आठवतं?"

"मी कुठे बघते?" दोरा दातानं तोडत मी म्हटलं. "मोठी कुस्ती असते चुसॉकला. सणाच्या दिवशी पुरुष टीव्हीपुढे आणि आम्ही चुलीपुढे. बाहेर ओरडा झाला की आत एकमेकींना विचारतो — कोण पडलं गं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बोलण्यावर पोट असलेला माणूस... इतका वेळ गप्प! मला उगाचच पदर नसताना पदर सावरावासा वाटला.

अप्पांनी मात्र साफ सांगितलं. "चुसॉकला पितरांपुढे वाकायला जो घरी नाही, तो जावई कसला? याची दर सणाला कुस्ती. नोकरी सोड म्हणावं, नाहीतर मुलगी विसर."

बसस्टँडवर मी रडवेली झाले. "सोडणार?"

"नाही."

"मग... विसरणार?"

"तेही नाही." खिडकीतून वाकून तो एवढंच म्हणाला, "चुसॉकला टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेव."

चुसॉक उजाडला. पितरांची पूजा आटोपली. स्वयंपाकघरात ओम्मा म्हणजे माझी आई, काकू आणि मी. तांदळाच्या पिठात मनगटापर्यंत हात, तव्यावर माशांची धिरडी, वाफेला पाइनच्या पानांचा वास. आणि बैठकीतून त्याचा आवाज —

"लालचा उजवा खांदा निळ्याच्या छातीत रुततोय. निळ्याची टाच वाळूत खोल गेली आहे. पट्ट्यावरची बोटं पांढरी पडली..."

"डोळे आहेत की आम्हाला!" बाहेर काका वैतागले. "टीव्हीवर एवढं काय बडबडतोय?"

आणि जणू ऐकूच गेलं त्याला...

"पडद्यापुढच्या मंडळींनी माफ करावं. हे त्यांच्यासाठी, ज्यांचे हात आत्ता पिठात आहेत."

काकूच्या हातातलं उलथनं थबकलं. "अगं बाई! हा मला बघतोय की काय?"

मी मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि चूल काही इतकी जवळ नव्हती.

"निळ्यानं उचललं... लालचे दोन्ही पाय अधांतरी..."

"आपट त्याला!" माझी शांत, सोशीक ओम्मा किंचाळली. तिघी एकदम ओरडलो — बैठकीच्याही आधी! धिरडी करपली.

अप्पा दारात आले. "काय गोंधळ आहे हा?"

ओम्मानं पिठाचे हात कमरेवर ठेवले. "लग्न झाल्यापासून प्रत्येक चुसॉकला तुम्ही घरात आहात. या खोलीत कधी पाऊल टाकलंत? तो पोरगा सोलमध्ये असून सकाळपासून इथे बसलाय, माझ्याजवळ!"

अप्पांनी आत पाऊल टाकलं. करपलेलं धिरडं उचललं, खाल्लं. दारातून जाता जाता म्हणाले, "इतकं बोलला तर घसा बसेल त्याचा. मध घालून नाशपाती उकडून पाठवा."

मी पाठवली नाही. स्वतः घेऊन गेले.

पुढे जवळजवळ तीस वर्षं तो आवाज सणासुदीला घराघरांत गेला. वरच्यांनी झापलं — अहो, हा रेडिओ नाही! नवे साहेब आले, म्हणाले, आता चित्रात वाळूचा कणन् कण दिसतो. "पोळपाटावरून दिसतो का?" हा शांतपणे विचारायचा. मल्ल वस्ताद झाले, त्यांची पोरं आखाड्यात उतरली, याचे केस पांढरे झाले. बाजारात बायका याच्या पिशवीत जास्तीचा मुळा टाकत. आणि आमची लेक झाली त्या चुसॉकला, दवाखान्यातल्या खाटेवर मी ऐकलं — "...आणि ज्यांच्या कुशीत आज तान्हं बाळ आहे, त्यांच्यासाठी." नर्स म्हणाली, किती छान बोलतो ना हा? मी म्हटलं, घरी ऐका कधी... मीठ कुठे आहे तेसुद्धा समालोचन करत शोधतो.

यंदाचा चुसॉक निवृत्तीनंतरचा पहिला. बाह्या सरसावून तो माझ्याशेजारी तांदळाच्या पिठाचे सोंगप्यॉन वळत बसलाय. माझे अर्धचंद्र, त्याचे धोंडे. बैठकीत कुणी नवा मुलगा मोजकंच बोलतोय.

"कोण पडलं हो?" मी विचारते.

तो पिठाच्या हातांनी धावतो, बघतो, परत येऊन अख्खी कुस्ती सांगतो. धापा टाकत, टाच न् टाच.

"अहो..." मी म्हणते, "त्या दिवशीचा निकाल राहिलाय की. छत्री आणि वारा. शेवटी कोण जिंकलं?"

तो पिठाचा गोळा उगाच दाबत राहतो. आयुष्यभर निकाल सांगितलेला माणूस...

"दिसलं नाही मला."

"म्हणजे?"

"मी... छत्रीकडे बघतच नव्हतो."