बदलीचं मत

कोंडसर्‍याची ग्रामसभा गच्च भरली होती आणि सभागृहात माणसं मात्र दोनच होती. एक ग्रामसेवक बोरसे, दुसरी कालिंदी घाडी. बाकीचं गाव भिंतीवरच्या पडद्यात बसलं होतं.

पडद्यातल्यांना सरकारदरबारी मतप्रतिनिधी म्हणत, गावात नुसतं 'बदली'. गिरणीत आपल्या जागी बदली कामगार धाडावा, तशी ही सभेला धाडायची. माणूस वर्षानुवर्षं काय बोललं, कशावर चिडलं, कशाला हो म्हणालं, हे सगळं यंत्र शिकून घेई आणि त्याच्याच आवाजात मत देई. पूर्वी कोरम भरत नसे. मग सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून चार टाळकी मिळून गावाचं भलंबुरं उरकून टाकायची. बदली आली ती त्यावर इलाज म्हणूनच, हे कालिंदीलाही मान्य होतं. फक्त तिने स्वतःची बदली करून घेतली नव्हती. हात वर करेपर्यंत आपलं मत आपल्यालाच नीट ठाऊक नसतं, मग यंत्राला कुठून ठाऊक असणार, असं तिचं साधं म्हणणं होतं.

आजचा विषय होडीचा होता. खाडीपलीकडच्या वाडीला जोडणारी एकुलती होडी तिथून काढून पर्यटकांसाठी बंदरावर न्यायची. वाडीत आता कालिंदी एकटीच राहत होती. होडी गेली की घराला कुलूप लावून लेकीकडे ठाण्याला जाणं आलं, आणि तिथल्या बंद खिडक्यांच्या नुसत्या आठवणीने तिचा जीव घुसमटे.

ती पोटतिडकीने बोलली. पडद्यातले चेहरे माना हलवत ऐकत राहिले. कुणी खोकलं नाही, कुणी मध्ये तोंड घातलं नाही. जन्मात तिचं कुणी इतकं शांतपणे ऐकलं नव्हतं, आणि इतकं एकटंही तिला कधी वाटलं नव्हतं. मग मतं पडली. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला आणि बाजूने आलेल्या आवाजांत एक सत्यवतीचा होता. तिच्या बालपणीच्या मैत्रिणीचा!

"काकी, सह्या व्हायच्या आत कुणी स्वतः आलं तर त्याची बदली बाद होते," बोरसे हळूच म्हणाला. "नियम आहे. आजवर कुणी वापरलेला नाही. मी थांबतो, तुम्ही बघा."

कालिंदी सभेला बोलवायला पोचली तेव्हा सत्यवती पडवीत आमसुलं वाळत घालत होती.

"अगो, माझी बदली हा ना थंय?"

"तिनाच माझ्या विरोधात मत दिल्यान."

सत्यवतीचे हात थांबले. "काय सांगतंस? मी असा कशाक करीन?" तिने पायात चपला सरकवल्या. दोघी कितीतरी दिवसांनी एका वाटेने चालल्या. कालिंदीला तेवढ्यानेही भरून आलं.

सभागृहात सत्यवतीने पाऊल टाकताच पडद्यावरची तिची चौकट काळी झाली. बोरसेने ठराव वाचला. सत्यवतीने हात अर्धा उचलला आणि तसाच खाली घेतला.

"माझी बदली काय बोलली होती?"

बोरसेने नोंद उघडून वाचली. "'कालिंदीला तिथे एकटीला काही झालं तर कुणाला कळायचंही नाही. लेकीकडे गेली तर माझा घोर मिटेल.'"

 भांडायला कालिंदी तयारीने आली होती, पण मायेशी भांडायचं कसं?

"ह्या माझ्या मनात होता?" सत्यवती पुटपुटली. "असात. माझा सगळा ती ध्यानात ठेवता."

"तिचा ऱ्हवांदे, सत्ये," कालिंदीने तिचा हात धरला. "तू काय म्हणतंस?"

सत्यवतीने गोंधळून पडद्यावरच्या आपल्या काळ्या चौकटीकडे पाहिलं.

"ता आता मी कोणाक विचारू?"