सुपारीनं राखलेली जागा

“देव हलवलास तर जागा रिकामी ठेवू नकोस. सुपारी ठेव.” आईचं हे सांगणं इंद्रायणीचा मदतनीस देवदत्त याला पुलाच्या कठड्यापाशी आठवलं. नेहमीप्रमाणे पुढं काही सुचलं नाही.

होटगीजवळच्या कालव्यावरचा हा जुना दगडी पूल. त्याच्या कोनाड्यातला, पणती कोरलेला, दोन विटांएवढा दगड तीन दिवसांपूर्वी गेला होता. जागेवर चिमूटभर तांदूळ, वर सुपारी.

“सोमवारपातूर दगड दिसला न्हाय तर माजी नोकरी गेली, ताई,” राखणदार ईरप्पा म्हणाला.

खासगी तपास करणाऱ्या इंद्रायणीनं तांदळाला बोट लावलं. “तीन दिवस चिमण्यांचा उपास होता का हो?” तिनं ती सुपारी पदरात बांधली, जागी बटव्यातली दुसरी ठेवली.

दुरुस्तीचा ठेकेदार गुरुशांत हसला. “एक दगड नेऊन काय शेंगाचटणी कुटू? नेईन तर अख्खी कमान नेईन.”

पुलाच्या तोंडाशी फुलं विकणाऱ्या भुवनेश्वरीनं मान वर केली नाही. “मी कशाला आणू तो दगड? घरी सासूबाई पडून हायत.”

“चला, हिच्या घरी,” इंद्रायणी म्हणाली.

“गुरुशांतला सोडून?” देवदत्त चक्रावला.

घरात भुवनेश्वरीच्या सासूबाई मुक्ताबाईंच्या उशाशी तो दगड होता. पुढं पणती तेवत होती.

“चोर जागा राखत नाही, देवदत्त,” इंद्रायणी हळू म्हणाली. “सुपारी ठेवणारा परत आणून ठेवणार असतो. तांदूळ ताजे, म्हणजे तो रोज पुलावर येतो. आणि पुलावरून दगड ‘नेतात’. गुरुशांत तसंच बोलला. ही म्हणाली ‘आणू’. आणतात ते घरी.”

“सुपारीचं मला आठवलं होतं,” देवदत्त ओशाळला.

“मग सांगायचं होतं की.”

भुवनेश्वरीनं डोळे पुसले. “मामंजी पाटकरी, कालव्याचं पाणी सोडायचे. त्यांना वाट दिसावी म्हनून सासूबाई तितं दिवा लावायच्या. ते गेले, नेम ऱ्हायला. आता सासूबाईंची मांडी मोडली, आन् दिव्याबिगर घास घेईनात. ईरप्पादादाच्या नोकरीचं मला ठावं न्हवतं.”

“माज्यापायी त्याचं पोट मारू नगं, पोरी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “ने दगड.”

“आन् तुमी उपाशी?”

इंद्रायणीनं पदराची गाठ सोडली. “आजी, तीन दिवस या सुपारीनं दगडाची जागा राखली. आता हिच्यापुढं दिवा लावा.”

मुक्ताबाईंनी सुपारी चाचपली, कपाळाला लावली. “आन् पुलावरला दिवा?”

“मी लावीन, रोज. जेवायच्या आदी,” भुवनेश्वरी म्हणाली.

तेव्हा कुठं म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला. भुवनेश्वरीनं दगड लेकरासारखा कडेवर घेतला, तेलाची बाटली उचलली आणि अनवाणीच पुलाची वाट धरली.