तीस अक्षरं

प्रयोगशाळेत मला एकोणीस वर्षं झाली. सकाळी साडेआठला प्रसूतिगृहातून निळा डबा येतो. त्यात आजारी नवजात बाळांच्या रक्ताचे नमुने असतात. त्यातले जिवाणू आम्ही वाढवतो आणि त्यांची जनुकं यंत्रावर वाचतो. त्यात नेहमी सापडणारा एक जिवाणू मोठ्या माणसांच्या आतड्यात वर्षानुवर्षं निमूट राहतो. दोन दिवसांच्या बाळाच्या रक्तात शिरला, की बारा तासांत होत्याचं नव्हतं करतो. त्याची जनुकं म्हणजे एकवीस लाख अक्षरांची एक ओळ. दोन बाळांच्या जिवाणूंमध्ये दोन-तीन अक्षरांचा फरक असला, तर ते सख्खे. एकाच ठिकाणाहून आलेले. तीस-चाळीस अक्षरांचा असला, तर लांबचं नातं.

पेन्सिलला हे सगळं मी शिकवलं. अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरायची, म्हणून हे नाव. कामावर लागली तेव्हा तिला साधी नळी धड धरता येत नव्हती. त्याच पेन्सिलने मार्चमध्ये दोन बाळांचे जिवाणू सख्खे असल्याचं दाखवलं. बैठकीत विभागप्रमुख म्हणाले, "मग एवढी वर्षं आपण काय नळ्या मोजत होतो?" सगळे हसले. मीही हसले.

तिसऱ्या बाळाचा नमुना माझ्याकडे आला. तोही सख्खाच निघाला. म्हणजे पेन्सिलचा अंदाज बरोबर होता, संसर्ग प्रसूतिगृहाच्या एकाच खोलीतून पसरत होता. खोली बंद झाली असती आणि अहवालावर पहिलं नाव तिचं आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत, एक वाजून वीस मिनिटांनी, मी त्या फाइलमधली तीस अक्षरं बदलली. ओळीतल्या जागा निवडायला वेळ नव्हता, म्हणून सुचतील त्या आकड्यांच्या जागा घेतल्या. माहेरचा सहा आकडी फोन नंबर, बाबांच्या स्कूटरचा नंबर, माझा हजेरी क्रमांक, असे तीस आकडे. मग हात धुऊन जेवले.

दुपारी पेन्सिल बराच वेळ स्क्रीनसमोर बसून होती.

"ताई, हा तिसरा लांबचा दिसतोय."

"असतो एखादा."

"मला नाही पटत. त्याच्या रक्ताच्या बाटलीतून जिवाणू पुन्हा वाढवते."

तोवर खोली उघडीच राहिली.

मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. चौथ्या दिवशी तिने नवा निकाल माझ्या टेबलावर ठेवला. "तुमचंच बरोबर होतं, ताई. तीस जागा. एकही इकडची तिकडे नाही."

मी एकेक जागा तपासली. माहेरचा फोन नंबर होता. बाबांची स्कूटर होती.

मग तिसऱ्या बाळाची यंत्राने केलेली पहिली नोंद उघडली. ती मी बदललेली नव्हती. तिच्यात तीसही अक्षरं मूळचीच होती, सख्ख्यांसारखी. म्हणजे बदल नंतर झाला होता, आणि बाटलीत झाला होता.

चौथं बाळ त्याच खोलीतलं होतं. त्याच्या रक्तातही तीच तीस अक्षरं निघाली. निकाल छापून होईपर्यंत ते गेलं होतं.

मी पेन्सिलला जिन्यात गाठलं. "ती अक्षरं मी बदलली होती. फाइलमध्ये. हाताने."

तिने माझा दंड धरून मला पायरीवर बसवलं. "फाइल बदलली म्हणून बाळाचं रक्त बदलतं होय? घरी काही झालंय का? चार दिवस रजा घ्या ना."

"पहिली नोंद बघ."

"यंत्र चुकलं असेल तेव्हा. तुम्हीच नाही का शिकवलंत, वाद झाला की बाटलीवर विश्वास ठेवायचा म्हणून?"

तिने ही जिवाणूंची नवी फांदी म्हणून मांडली. खोली बंद झाली, बाळं वरच्या मजल्यावर हलवली. अहवालावर पहिलं नाव तिचंच आलं. माझा खोटेपणासुद्धा तिच्या नावावर लागला.

मी संगणकाचा पासवर्ड परत केला आणि नळ्या धुण्याचं काम मागून घेतलं. हात लावला नाही तर काही होणार नाही, असा माझा हिशेब होता. दोन आठवडे निळा डबा रिकामा आला. मला झोप लागू लागली.

गुरुवारी दुपारी चारला पेन्सिलच्या बढतीचा चहा होता. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं. ते माझं होतं. प्रमुख म्हणाले, "ताईंनी घडवलंय हिला. ताई, आता निवांत बसा तुम्ही." पेन्सिल केक कापायला वाकली, टाळ्या सुरू झाल्या.

या जिवाणूवर पेनिसिलिन चालतं. ते चालू नये यासाठी कुठलं अक्षर बदलावं लागेल, ते मला पाठ आहे. ते अक्षर माझ्या मनात आलं. आलं आणि गेलं. माझे दोन्ही हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

शुक्रवारी डब्यात एक नमुना आला. सोमवारी पेन्सिल निकाल घेऊन माझ्याकडे आली, मी धुण्याच्या टाकीपाशी होते.

"ताई, वरच्या मजल्यावरचं बाळ आहे. तीच तीस अक्षरं आणि एक नवीन. पेनिसिलिन लागूच पडत नाहीये."

कुठलं अक्षर, हे मी विचारलं नाही. "रक्त कधी घेतलं होतं?"

तिने चिठ्ठी उजेडात धरली. "गुरुवारी. चार वाजून दहा मिनिटं."

चार वाजून दहा मिनिटांनी मी टाळ्या वाजवत होते.