डावी खुर्ची

पत्रूनं ते नवंकोरं जाळं छपरीतून उचललं आणि सगळ्या घरादेखत अंगणात भिरकावून दिलं... गिरजाबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं. जाळं लटारूनं धाडलं होतं. खालच्या गावचा हा लटारू पन्नाशी ओलांडलेला विधुर, बोलायला महाकंजूष आणि जाळं विणायला अख्ख्या प्राणहितेच्या काठी एक नंबर! त्या दिवशी सकाळी त्याचा चुलतभाऊ जाळं घेऊन आला आणि सोबत निरोप सांगून गेला, की गिरजाबाईची मर्जी असेल तर पाट लावू. मासे धरणाऱ्या धिवरांत विधवेच्या पाटाला, म्हणजे दुसऱ्या लग्नाला, कोणी नावं ठेवत नाही. पंचांच्या कानावर घातलं की काम झालं. पण गिरजाबाई सेहेचाळीस वर्षांची होती, अर्धे केस पिकले होते, आणि नेमकं तेच पत्रूला लागलं होतं.

"लोक हासतीन, वयनी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून तर ते शब्द तिच्या काळजात जास्त रुतले. "बाजारात मले तोंड दाखवाले जागा राह्यणार नाई."

 गिरजाबाई अंगणात गेली, जाळ्यावरची माती झटकली आणि ते नीट घडी करून पडवीत ठेवलं. काय बोलणार होती हो ती! पत्रू तिचा दीर, पण नुसता नावाला. नवरा तापानं गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. त्याच साली पटकीनं सासूसासरेही नेले आणि चार वर्षांचं हे पोर तिच्या पदराला धरून उभं राहिलं. तिनं त्याला भरवलं, पोहायला शिकवलं, गळाला गांडूळ लावायला शिकवलं, त्याचं लग्न करून प्रेमिलेसारखी गुणी बायको आणली. इतकं सगळं झालं, तरी त्या पोराच्या लेखी वयनीला स्वतःचं असं मन असतं हे कधी आलंच नव्हतं. त्याचा तरी काय दोष म्हणा! तिनंच ते कधी दिसू दिलं नव्हतं.

त्या दिवशी अहेरीचा बाजार होता आणि बाजाराच्या मैदानात चांद्याहून तंबूचा सिनेमा आलेला होता. बैलगाडी आधीच ठरलेली, प्रेमिलेचा हट्ट जुना. तेव्हा राग रागाच्या जागी ठेवून तिघंही गेली. वाटभर पत्रू बैलांशीच बोलत राहिला.

तंबूच्या मधोमध एक पांढरा पडदा ताणलेला होता. पडद्याच्या अलीकडं पुरुष, पलीकडं बायका, अशी रीतसर वाटणी. बाहेर इंजिन धडधडत होतं. दिवेलागण झाली, कंदील विझले, आणि एकाएकी त्या कोऱ्या कापडावर माणसं चालू लागली!... गिरजाबाईनं दोन्ही हात जोडले. आजूबाजूच्या बायकांनीही जोडले. आगगाडी न पाहिलेल्या, चांदा न पाहिलेल्या त्या बायका. त्यांच्या डोळ्यांपुढं कापड हसत होतं, रडत होतं, पान खात होतं. एका म्हातारीनं तर पडद्याला हात लावून पाहिला आणि तो साधाच सुताचा लागला म्हणून ती जास्तच घाबरली.

चित्र होतं हिंदी, त्यात इंजिनाचा आवाज. बोलणं अर्धंमुर्धंच कळत होतं. पण गोष्ट समजायला बोलणं कशाला हवं! एक पोटसुटा, टकला पोस्टमास्तर, बायको मेलेला, घरात सुना-नातवंडं. आणि गल्लीच्या टोकाला पापड लाटणारी एक विधवा, केसांत चांदी. हा बाबा तिला स्वतःच पत्रं लिहायचा आणि स्वतःच सायकलवरून नेऊन द्यायचा! लिहायचा डाव्या हातानं, पापड चाखायचाही डाव्याच हातानं. "डावरा हाये वो माणूस," म्हणून बायका खिदळल्या. एकदा तर तो सायकलीसकट तळ्यात पडला आणि त्याला पोहता येईना, तेव्हा धिवरांच्या बायका पोट धरून हसल्या.

गिरजाबाई मात्र दचकली. हे हसू... पत्रू म्हणत होता ते हेच का? म्हातारपणी जीव लावणाऱ्या बाईला जग असंच हसणार? तिनं पदर तोंडावर ओढला. पण मग हळूहळू एक नवल घडलं. तंबू हसतच होता, आणि हसता हसता त्या दोघांच्या बाजूचा होत होता. विधवेच्या लेकानं पत्रं फाडली तेव्हा पडद्यापलीकडून पुरुषांचे हळहळण्याचे आवाज आले. एवढ्या माणसांच्या अंतःकरणात एका पिकल्या केसांच्या बाईसाठी करुणा दाटून यावी! गिरजाबाईच्या अंगावर शहारा आला. देवळात गाभाऱ्यापुढंही तिला असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी लग्नघर आलं. नातीच्या लग्नाचा फोटो काढायचा होता. पोस्टमास्तर मधल्या खुर्चीवर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. पापडवाली दारात आली. सगळं घर श्वास रोखून उभं. ती चालत आली... आणि त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसली. घरातले सगळे डोळे पुसू लागले, फोटोवाल्याचा दिवा चमकला आणि चित्र संपलं.

उजव्या हाताला! बायकांनी चुकचुक केलं. लग्न लागेपर्यंत नवरी उजवीकडं बसते, तोवर ती परक्याची लेक. बायको झाली की डावीकडं येते, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. म्हणजे तिनं नाही म्हटलं होतं. मान राखला, फोटोपुरती बसली, आणि आपल्या लेकरांपाशी परत गेली असणार. गिरजाबाईला वाटलं, एवढा चमत्कार आपल्या डोळ्यांपुढं घडला तो उगाच नाही. कापडाला बोलतं करून देवानंच आपल्याला उत्तर दिलं.

सकाळी नदीच्या काठावर पत्रू जाळी वाळत घालत होता. ती लटारूचं जाळं बगलेत घेऊन आली आणि म्हणाली, की हे खालच्या गावी पोचतं कर. माझा नकार आहे म्हणून सांग. पत्रू चपापला. रात्रभर त्याचाही डोळा लागला नव्हता.

"काऊन, वयनी? मी काल बोललो म्हणून?"

"तुह्या बोलन्याचं नाई रे. तुले दोष नाई." तिनं जाळं खाली ठेवलं. "दुसऱ्यांदा नाई म्हनाले मले जड जाणार नाई."

"दुसऱ्यांदा?"

शब्द निसटला तो निसटलाच. तिनं मान फिरवली, पण पत्रू हलेना. तेव्हा सव्वीस... नव्हे, चोवीस वर्षांची होती ती, हे तिनं पाण्याकडं बघत सांगितलं. याच लटारूनं मागणं घातलं होतं. पण पाट लावून जाणाऱ्या बाईला सासरचं लेकरू सोबत नेता येत नसे, ते भावकीकडं ठेवावं लागे. आणि भावकीत तर दोन वेळची पेजही धड नव्हती. तिनं नाही कळवलं. लटारूनं पुढं दुसरीकडं संसार केला, बायको मेली, आता पुन्हा विचारलं. गोष्ट एवढीच. आणि काल चित्रातल्या बाईनं जे केलं तेच आपणही करावं, असं तिला वाटत होतं.

पत्रूनं हातातलं जाळं खाली टाकलं. चोवीसाव्या वर्षी जिनं आपलं उभं आयुष्य त्याच्या वाटीत घातलं, तिला तो काल लोकांच्या हसण्याचा धाक घालत होता! त्यानं विचारलं, "चित्रातल्या बाईनं काय केलं म्हनता?"

"नाई म्हनली ना. उजव्या खुर्चीवर बसली."

"डावीवर बसली, वयनी. मी सोता पायलं. सारा तंबू टाळ्या पिटून राह्यला होता."

"उजवी. त्या डावऱ्याच्या उजव्या आंगाले."

"डावरा? तो कायचा डावरा? उजव्या हातानं तं लिहत होता..." बोलता बोलता पत्रू थांबला. त्याची नजर नदीच्या संथ पाण्यावर गेली. त्यानं उजवा हात उचलला; पाण्यातल्या पत्रूनं डावा उचलला. मग तो मटकन खाली बसला आणि हसू लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुमी पडद्याच्या मागं होत्या वो, वयनी... तुमाले सारंच उलटं दिसलं."

त्याच संध्याकाळी त्यानं तिला पुन्हा अहेरीला नेलं. तंबूत शिरताना तिचं मनगट धरलं आणि सरळ पुरुषांच्या बाजूला, पुढं, बसवलं. माणसं वळून बघू लागली, कोणी खाकरलं. पत्रू मोठ्यानं म्हणाला, की माझी वयनी आहे, ती इथंच बसणार. आणि मग गिरजाबाईनं ते सारं सुलट पाहिलं. पोस्टमास्तर उजव्या हातानं पत्र लिहीत होता. पापडवाली दारातून चालत आली, क्षणभर थबकली, आणि वळून डाव्या खुर्चीवर बसली. तंबूभर टाळ्या उसळल्या. गिरजाबाई थक्क होऊन बघत राहिली... तीच बाई, तेच घर, आणि फक्त ही बाजू बदलल्यानं तिचा संसार उभा राहिला होता! तिच्या ओठांवर आलेलं हसू तिनं या वेळी पदराखाली लपवलं नाही.

लटारूचं जाळं परत गेलं नाही; होकार गेला आणि पाटाचा दिवस ठरला. पाटाची बाई सूर्य मावळल्यावर जाते. वाजंत्री नाही, वाटेला लावायला माणूस नाही, आणि निघायचं ते मागच्या दारानं, उंबऱ्याला पाठमोरं होऊन. तिच्या सावलीनं घरच्या लक्ष्मीला बाधा होऊ नये म्हणून. ताराबाई नावाची भावकीतली थोरली म्हातारी ही रीत राखायला मुद्दाम आली होती. गिरजाबाईनं लुगड्याचं बोचकं उचललं आणि ती सवयीनं मागच्या दाराकडं वळली.

पत्रूनं ते दार आतून लावून घेतलं आणि कडीपाशी पाठ टेकून उभा राहिला.

"तिकडून नाई," तो म्हणाला. "लेकीची पाठवणी सामोरच्या दारातून होते."

ताराबाई म्हणाली, की अरे, ही लेक कोणाची? हिचा बाप मरून तीस वर्षं झाली.  पत्रूनं प्रेमिलेच्या हातातला कुंकवाचा करंडा घेतला, आपल्याहून अठरा वर्षांनी मोठ्या वयनीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. सूर्य मावळायची वाट त्यानं पाहिलीच नव्हती; बाहेर भर दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्यावर अख्खं गाव उभं होतं. कोणीही हसत नव्हतं.

गिरजाबाईनं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि चोवीस वर्षं ज्या पोराचे डोळे पुसले त्याच्याकडं वळून पाहिलं. तो रडत होता, आणि या वेळी ते डोळे पुसायला ती थांबली नाही.