अकरा झडपांची यादी

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला, तिथल्या कामगाराचे, गंगारामाचे डोळे भाजले, आणि त्याच संध्याकाळी सुशांतने भक्तीला कामावरून काढलं. टाकीत दाब वाढला की उघडणारी सुरक्षा झडप बसवलेलीच नव्हती. तिच्या जागी फिटरने बूच ठोकलं होतं. आचऱ्याच्या त्या कारखान्याचे नकाशे सुशांतच्या मालवणच्या ऑफिसात संगणकावर भक्तीनेच काढले होते. म्हणजे चूक तिचीच. त्याने तिला विचारलंसुद्धा नाही; आचऱ्याच्या तिठ्यावर मात्र चार लोकांत तिचंच नाव घेतलं.

चार दिवसांनी पोलिसांची नोटीस आली, तेव्हा भक्तीची चूक सिद्ध व्हावी म्हणून तो खासगी तपास करणाऱ्या ईडा फर्नांडिसकडे गेला. कधी आवाज न चढवणारी, पन्नाशीची बाई.

"माका तुमच्या सॉफ्टवेअरातला काय कळत नाय," त्या म्हणाल्या. "तू वांगडा रव." तो बरोबर निघाला.

आधी ऑफिसातली खरेदी बघणारी किशोरी. तिने झडपांची छापील यादी पुढे ठेवली. यादीत अकरा झडपा होत्या, तिने अकराच मागवल्या होत्या. नकाशे काढायचं आणि त्यांवरून यादी छापायचं सॉफ्टवेअर तिच्या संगणकावर नव्हतंच. मंगळवारी सकाळी यादी तिला टेबलावर मिळाली होती.

"यादी मी स्वतः नकाशाशी ताडून पाहिलीय," सुशांत म्हणाला. "अकराच्या अकरा बरोबर आहेत."

ईडाबाईंनी ओळीवरून बोट फिरवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी नकाशाचा क्रमांक होता: पत्रक १. कोपऱ्यात छापल्याची तारीख, सोमवारची. त्यांनी दोन्ही वहीत टिपलं.

मग भक्तीचं गाव, धामापूर. ती दारातूनच बोलली, सुशांतकडे न बघता. टाकी दुसऱ्या पत्रकात होती आणि तिच्यावरची झडप तिने मापासकट दाखवली होती. रविवार-सोमवार ती घरीच, चुलत बहिणीच्या लग्नात होती. तिचे वडील बाबलीकाका यांनी दोघांना पाणी दिलं. सुशांतने पेला तसाच खाली ठेवला.

ऑफिसात परतून त्याने पत्रक दोन उघडलं. झडप होती.

"मागाहून घातली असेल," तो म्हणाला. पण सॉफ्टवेअरमधली नोंद यादी छापण्याच्या तीन आठवडे आधीची होती. त्याने झडपेवर टिचकी मारली, तशी बाजूच्या माहितीच्या तक्त्यात तिची ओळ उजळली. माप, दाब, सगळं भरलेलं. संपूर्ण प्रकल्पाच्या त्या तक्त्यात झडपा बारा होत्या.

"आता पत्रक एक उघड," ईडाबाई म्हणाल्या, "आणि तक्तो फक्त उघड्या पत्रकापुरतो दाखव."

अकरा.

"नकाशो बरोबर, माहिती पण बरोबर," त्या शांतपणे म्हणाल्या. "चुकली ती छापणाऱ्याची नजर. तक्तो एकाच पत्रकापुरतो उघडो होतो आणि तोच सगळो समजून त्यान छापलो. म्हणान तर प्रत्येक ओळीत पत्रक एक. मगे त्याच पत्रकाशी ताडून बघल्यार अकरा बरोबरच येतले. सोमवारी भक्ती धामापुरात होती. किशोरीकडे सॉफ्टवेअर नाय. ताडून बघितलंय म्हणून तूच सांगितलंस. ह्या ऑफिसात चौथो कोण आसा, सुशांत?"

कोणी नव्हतं. त्याला तो सोमवार आठवला: जेवायची घाई, एका पत्रकापुरताच उघडलेला तक्ता, छापायची कळ. दुसरं पत्रक त्याने उघडलंच नव्हतं. बाईंनी दुसरीकडे पाहिलं, तेच त्याला जास्त लागलं.

त्याने पोलिसांना लेखी जबाब दिला आणि सकाळी एकटाच धामापूरला गेला. चूक माझी होती, भक्ती, कामावर परत ये, असं तो अंगणात उभ्या उभ्याच म्हणाला. उत्तर दिलं ते बाबलीकाकांनी.

"ह्या आमका सांगून काय उपयोग? आचऱ्याच्या तिठ्यार चार लोकांत माझ्या चेडवाचा नाव घेतलास. थंय जावन सांग."

तो आचऱ्याला गेला. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात सात-आठजण बसले होते; त्यांत गंगारामाचा भाऊही होता. सुशांतचे पाय दारातच अडले. मग तो आत गेला आणि बाकावर न बसता, उभा राहूनच बोलू लागला.