करड्या शालीतल्या बाई

कुणीच काही बोललं नाही...

चारुतानं वाक्य जपानीत सावकाश, नीट सांगितलं होतं. तरी सभागृहातली सगळी माणसं आपापल्या चहात पाहत बसली होती. हीटरची घरघर तेवढी चालू होती.

हे घडलेलं आहे. चारुता माझी मावसबहीण. तिनं सांगितलं तसंच लिहीत आहे, आणि लिहितानाही पाठीमागे पाहावंसं वाटत आहे. २०१६ चा नोव्हेंबर. जपानमधल्या इबाराकी प्रांतातलं, तळ्याकाठचं एक लहान गाव. वेळ रात्रीचीही नव्हे... दिवेलागणीची.

स्वित्झर्लंडमध्ये असंच एका सरोवराकाठी चिमुकलं फ्रेंचभाषक गाव आहे. २०११ च्या भूकंपात इबाराकीतलं हे सभागृह खचलं, तेव्हा तिथल्या गायनमंडळानं चौकात सूप विकून दुरुस्तीला मदत पाठवली. तेव्हापासून दोन्ही गावं दरवर्षी पडद्यावर भेटत. यंदा त्यांना दुभाषी हवी होती.

चारुता पुण्यात फ्रेंच शिकवायची. नवऱ्याच्या, रणजितच्या, बदलीपायी टोकियोतल्या हिगाशी-कसाईला आली आणि तिच्या वाट्याला उरलं कचऱ्याचं वर्गीकरण आणि कोन्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या, गल्ल्यावर उभं राहणं. आजचं काम जमलं, तर या तळ्याकाठच्या गावाच्या नगरपालिकेत कायमची जागा मिळणार होती.

"फ्रेंच बोलायला जपानला आलीस," रणजित सकाळी हसला होता. "पुण्यात काय जागा नव्हती?"

"होती की. तुला एकट्याला डबा करता येत नव्हता."

पडद्यावर तिकडची सकाळ होती, तरी प्रत्येकाच्या हातात व्हाइट वाइन. त्यांच्या गावचा रिवाजच तसा. पेला उंचावताना एकेकाच्या डोळ्यांत पाहायचं, नाव घ्यायचं. एक जरी नाव राहिलं, तरी कुणी घोट घ्यायचा नाही.

तिकडच्या नगराध्यक्षा मादाम रोशा एकेक नाव घेत गेल्या. इकडच्या नगरपालिकेचे विभागप्रमुख नागाई-सान लाजत वाकले. सारं सुरळीत चाललं होतं.

मग मादाम थबकल्या...

"आणि खिडकीजवळच्या बाई? करड्या शालीतल्या? त्यांचं नाव राहिलं."

चारुतानं वळून पाहिलं.

खिडकीजवळ खुर्ची होती. रिकामी.

"कुठल्या बाई, मादाम?"

"तुमच्या उजव्या हाताला. तुमच्याकडेच पाहताहेत..."

ऐकलं ते सांगायचं, हा दुभाष्याचा धर्म. तिनं सांगितलं. त्यावरच ती शांतता पसरली होती.

"पुढचा विषय घेऊ या," शेवटी नागाई-सान म्हणाले.

"पण ते थांबलेत. त्यांना नाव हवंय."

"चारुता-सान, तुमच्या ऐकण्यात काही चूक..."

"चूक नाही!" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःची भाषा मिळाली होती, आणि हे लोक तीच खोटी ठरवत होते. पडद्यावरचे पेले हळूहळू खाली आले.

मादाम रोशा पुन्हा बोलल्या. "अहो, थंडीनं कुडकुडताहेत त्या..."

चारुता भाषांतरासाठी श्वास घेत होती. शब्द अजून तोंडातच होता.

नागाई-सान उठले. त्यांनी हीटर सरकवत नेला...

आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे वळवला.

नागाई-सानना फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं.

भेट आटोपली. तिकडे कुणी घोट घेतलाच नाही. इकडे माणसं एकेक करून निघाली. जाताना इथली रीत असते. मागे राहणाऱ्याला वाकून म्हणायचं, 'तुमच्याआधी निघतो, क्षमा असावी.' प्रत्येक जण वाकला, तसं म्हणाला.

चारुताला नव्हे. खुर्चीला.

तिनं आपले कागद खसकन पिशवीत कोंबले. भीतीनं, आणि त्याहून जास्त संतापानं. इथेही असं काहीतरी होतं, जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला कुणी सांगत नव्हतं.

व्हरांड्यात तिनं नागाई-सानना गाठलं.

"तुम्हाला दिसतात ना त्या? सगळ्यांनाच दिसतात. मग माझी चूक का काढलीत? कोण आहेत त्या? आणि मला पुन्हा बोलावणार आहात की नाही, तेवढं तरी सांगा!"

नागाई-साननी तिच्याकडे पाहिलं.

मग तिच्या उजव्या खांद्याशेजारी... जरा खाली...

तिथे ते कमरेत वाकले, भिंतीला चिकटून दोघींना पुरेल एवढी वाट करून दिली, आणि निघून गेले.